सी ब्लॉकचं पाणी

१

खोटं लिहिलंय तुम्ही, साहेब. जावक क्रमांक टाकून, शिक्का मारून, सुबक टाइप करून खोटं लिहिलंय. मेलेला माणूस जाब विचारायला येत नाही, एवढ्या एकाच भरवशावर लिहिलंय. त्याला बहीण असेल आणि ती कागद वाचेल, हे काही तुमच्या ध्यानात आलं नाही.

बहिणीचं नाव विनोदिनी, वय अडुसष्ट. देवासच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र सांभाळलं. कॉपी पकडायला तिनं कधी कुणाचे खिसे तपासले नाहीत. पोराला उभं करायची आणि विचारायची, "ही तिसरी पायरी कुठून आली?" ज्यानं गणित स्वतः सोडवलंय तो चुकीचं का होईना, काहीतरी सांगतो. ज्यानं उतरवलंय तो छताकडे बघतो.

कागद तिच्या हातात पडला बुधवारी. रविवारी धारच्या बाहेर एका माळावर लष्करी विमानांचं प्रदर्शन झालं होतं. त्या दिवशी सी ब्लॉकमध्ये तिचा भाऊ बापू उन्हात कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. एकाहत्तर वर्षांचा, देवासच्या छोट्याशा दत्तमंदिराचा पुजारी. आयोजन समितीनं तीन दिवसांत चौकशी उरकली होती. अहवाल हिंदीत होता. त्याचा अर्थ असा:

"स्वयंसेविका कु. देवश्री यांनी मृत व्यक्तीस दोन वेळा पाणी दिले. मृत व्यक्तीने ते नाकारले. आपण सोवळ्यात आहोत, स्वतःच्या तांब्यातलेच पाणी पितो आणि तो तांब्या गेटवर काढून घेतला, असे ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर गंध होते. व्यवस्थेत कोणतीही उणीव नव्हती."

मागे दुसरा कागद जोडलेला. "कुटुंबाचे समाधान झाले आहे," आणि खाली सहीसाठी मोकळी जागा. शनिवारी दुपारी बारापर्यंत धारला जमा करा. बापूचा मुलगा मयुरेश पुण्याहून येऊन अग्नी देऊन सुन्न बसला होता. "आत्या, तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाला. पेपरात तर आधीच छापून आलं होतं: अंधश्रद्धेने घेतला वृद्धाचा बळी.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे विनोदिनीला ते पटलं होतं. बापू तसा होताच. बाहेरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, फिरकीचा पितळी तांब्या काखेला लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. स्मशानात सगळ्यांदेखत ती त्याच्यावर ओरडली होती, "तांब्यापायी मेलास रे! माझा विचार नाही केलास."

पण आता कागद दुसऱ्यांदा वाचताना तिची नजर एका पायरीवर अडली. कपाळावर गंध होते. दवाखान्यात तिनं तो चेहरा स्वतः पुसला होता. गंध नव्हतं. तेव्हा वाटलं, घामानं गेलं असेल.

गेलं होतं, की नव्हतंच?

२

रविवारी ती स्वतःही त्याच माळावर होती. मुलीकडे इंदूरला मुक्काम होता, तिथूनच परस्पर गेली. भैयासाहेबांनी दोन पास मिळवून द्यायचं कबूल केलं होतं. हे भैयासाहेब म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त, वरपर्यंत ओळखी. पण आयत्या वेळी एकच पास आला. बापूनं फोनवर सांगितलं, "विनू, तू जा सावलीत. मला उघड्या सी ब्लॉकमधून बरं दिसेल, डोक्यावरून जाणार विमान."

सतराव्या वर्षी हा माणूस हवाई दलात भरती व्हायला गेला होता. छाती एक इंच कमी भरली. मग बापाचं देऊळ सांभाळलं.

ती ए ब्लॉकमध्ये बसली. वर मंडप, खाली गालिचा, प्रत्येक खुर्चीपाशी गार पाण्याच्या दोन बाटल्या. गेटवर बाकीच्यांच्या बाटल्या मात्र काढून घेत होते. सुरक्षेसाठी म्हणे. कन्नौदहून ट्रॉल्या भरून आलेली माणसं, पोरंबाळं घेऊन आलेल्या बाया, सगळ्यांच्या बाटल्यांचा कमरेइतका ढीग लागला होता. "आत पाणी आहे, आत पाणी आहे," असं भोंग्यावर चाललं होतं.

मग विमानं आली. खोटं कशाला बोला, अंगावर काटा आला. नऊ विमानं एका ओळीत, मागे तीन रंगांचा धूर, आणि आवाज तर छातीच्या पिंजऱ्यात. वरच्या पोरांनी आपलं काम चोख केलं. विनोदिनी उभी राहून टाळ्या वाजवत होती. पावणेअकराला बापूचा फोन आला.

"दिसलं का गं? दिसलं का?"

"दिसलं रे. तू सावलीत आहेस ना?"

"सावली कसली! टोपी आहे. अगं, ते उलटं उडालं, पाहिलंस का?"

तेच शेवटचं बोलणं. साडेबाराला, शेवटचं हेलिकॉप्टर वळत असताना, चारशे पावलांवर तिचा भाऊ मातीत पडला होता. आणि ती टाळ्या वाजवत होती.

सही करायची तर याच गोष्टीवर करायची होती, की तो आपल्या हट्टानं मेला. जन्मभर तेच घेऊन जगायचं. गुरुवारी सकाळी तिनं धारची बस पकडली.

३

देवश्री एकोणीस वर्षांची. धारच्याच मराठी घरातली, शिक्षण सगळं हिंदीत. पुढच्या खोलीत हाताची बोटं मोडत बसली.

"तू पाणी दिलंस?"

"हो आजी. दोन बार."

"कशातून?"

"डिस्पोजलमधनं. ते कागदाचे ग्लास नसतात का, तेच."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले की मी सोवळ्यात आहे, माझा तांब्या गेटवर राहिला." हे मात्र घडाघडा आलं, पाढा म्हटल्यासारखं.

"सोवळं म्हणजे काय गं?"

देवश्री अडखळली. "वो... उपवास जैसा काही असतं ना?"

"बरं. पहिल्यांदा त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्यांदा दिलंस तेव्हा ग्लास कुठून भरून आणलास?"

पोरीनं छताकडे पाहिलं.

विनोदिनी गप्प राहिली. वर्गात असं गप्प राहिलं की अर्ध्या मिनिटात पेन खाली पडायचं. इथं पोरीचे डोळे भरून आले.

"आजी, मला तो शब्दच मालूम नव्हता. मी कागद लिहिलाच नाही. लिहिलेला आला. बोलले, साइन कर, सर्टिफिकेट मिळेल."

"कोण बोललं?"

"ग्रुपवर आला होता मेसेज, ऑफिसमध्ये जाऊन साइन करा म्हणून. तिथं बाबूनं पुढं केला. लिहिला कुणी ते..."

आतून बाप आला. "बस करा आता. आमच्या मुलीला यात ओढू नका." आणि त्यानं दार लावून घेतलं, तेही असं की कडी आतून दोनदा वाजली.

परतीच्या बसमध्ये विनोदिनीनं गणित मांडलं. कचेरीतल्या बाबूला देवासच्या एका म्हाताऱ्याचा तांब्या कसा ठाऊक? सोवळं कसं ठाऊक? पोरीला शब्द माहीत नाही, मग तिच्या तोंडी तो घातला कुणी? लिहिणाऱ्यानं बापूला वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. त्याच्या देवळात प्रसाद खाल्लेला होता.

लिहिणारा घरचाच होता.

४

असे तीनच जण होते, जे बापूला आतून ओळखत होते आणि रविवारी त्या माळावर हजर होते. पासवाले भैयासाहेब. बापूला गाडीतून नेणारा संग्राम. आणि शंतनू. हा पूर्वी त्यांच्याच गल्लीत राहायचा, आता पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला. दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताला येणारा, आणि प्रदर्शनात सी ब्लॉकचा व्यवस्थापक.

शुक्रवारी सकाळी ती देवळात गेली. माहेरचं तिचं तीन दिवसांचं सुतक फिटलं होतं. भैयासाहेब गंध उगाळत बसले होते.

"विनू, सही करून टाक बरं. चार मोठी माणसं आहेत त्या समितीत. गेलेला माणूस परत येतो का?"

"तुम्हाला का घाई?"

"मला कसली घाई? मंडळाला जागा मिळायचीय त्यांच्याकडून, हे उघड आहे. मी लपवतोय थोडंच!"

निर्लज्ज म्हणावं की प्रामाणिक, हे तिला ठरवता येईना. ती काही तिखट बोलणार, तेवढ्यात तिची नजर गाभाऱ्याच्या फळीवर गेली. घासून लख्ख केलेला फिरकीचा तांब्या. बापूचा.

"हा इथं कसा?" तिचा आवाज चिरकला. "हा तर गेटवर काढून घेतला म्हणतात."

"कुणी काढून घेतला? मागच्या गुरुवार रात्रीपासून तो इथंच आहे. हलला नाही."

"बापू तांब्याशिवाय गेला?"

भैयासाहेबांनी सहाणेवरचा हात थांबवला. "तू विसरलीस की काय? मयुरेशला मुलगी झाली ना त्या गुरुवारी रात्री. सोयर! दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, सोवळ्याच्या भांड्याला शिवायचं नाही. म्हणून तर रात्रीच मला बोलावून किल्ली दिली. शुक्रवारपासून पूजा मीच करतोय. आणि म्हणून तर गेला तो विमानं बघायला. नाहीतर चाळीस वर्षांत एक दिवस तरी देऊळ सोडलं होतं का त्यानं?"

विनोदिनीनं बोटांवर दिवस मोजले. गुरुवार ते रविवार, चौथाच दिवस.

नातीची बातमी तिला फोनवर कळली होती. तिनं शेजारी साखर वाटली आणि तिथंच विषय संपला. ती लग्न होऊन गेलेली. माहेरच्या जन्माचं सोयर तिला नाही, म्हणून तिनं ते मोजलंच नाही. बावीस वर्षं लोकांच्या पायऱ्या तपासणारी बाई, आणि स्वतःच्या घरची पायरी गाळून बसली.

"भैयासाहेब, सोयरात बापू गंध लावील?"

"गंध कुठलं लावील? देवाला लावून उरलेलंच तो लावायचा. देवाला हातच नाही, तर गंध कुठलं?"

तो कागद भैयासाहेबांनी लिहिलेला नव्हता. जो स्वतः त्याच्या जागी पूजेला बसला होता, तो बापूच्या कपाळी गंध आणि काखेला तांब्या कशाला देईल?

पण मग प्रश्न उरला. सोयरातला बापू पाणी पीत होता का?

५

संग्राम हाटपिपल्याचा. एबी रोडवर त्याची टेंपो ट्रॅव्हलर उभी असते. विनोदिनीला पाहून त्यानं तोंडातला गुटखा थुंकला आणि टपावरून उतरला.

"ताईसाहेब, मी स्वतःच येणार होतो. पण हिंमत नाही झाली."

"रविवारी वाटेत कुठं थांबलात?"

"बायपासला. सगळ्यांनी पोहे-जलेबी खाल्ली."

"बापूनं?"

संग्राम हसला आणि लगेच त्याचं हसू विरलं. "काय सांगू! कचोरी खाल्ली. दोन ग्लास पाणी प्यायले, टपरीच्या माठातलं. मी म्हटलं, बापू, आज तर तुम्ही बिगडले! तर म्हणतात, 'देव दहा दिवस सुट्टीवर, मग मी पण सुट्टीवर.' गाडीत सगळ्यांना नातीचा फोटो दाखवत होते. कपाळ कोरं, डोक्याला पोरांसारखी टोपी. मी ओळखलंच नाही आधी."

विनोदिनीनं दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरला. तो प्याला असता. कुणी दिलं असतं तर घटाघटा प्याला असता.

"मग सी ब्लॉकमध्ये पाणी का नाही प्याला?"

"पाणी होतंच कुठं? माझी बायको होती ना आत. ओठ फाटले तिचे. बाहेर निघावं म्हटलं तर गेट बंद, साहेब लोक निघाल्याशिवाय पब्लिकला सोडायचं नाही असा ऑर्डर."

"भोंग्यावर तर सांगत होते, आत पाणी आहे."

"टँकर आला होता, ताईसाहेब. पार्किंगमधून मी बघितला ना. पण आत नाही गेला." संग्रामनं मान खाली घातली. "कच्च्या रस्त्यावर पाणी मारत होता. मोठ्या गाड्या येणार होत्या, धूळ उडू नये म्हणून. तीन चकरा मारल्या त्यानं. मी आपल्या डोळ्यांनी मोजल्या."

६

शनिवारी सकाळी नऊला विनोदिनी पीथमपूरला शंतनूच्या दारात उभी होती.

"आत्या, तुम्ही? या, या. चहा टाकतो."

"बस. चहा नको." तिनं कागद टेबलावर ठेवला. "यात लिहिलंय, कपाळावर गंध होतं. तू पाहिलंस?"

"होतंच की, आत्या. बापूकाकांच्या कपाळावर कधी नव्हतं?"

"कधीचं नाही विचारत. रविवारी पाहिलंस?"

शंतनूनं वर पंख्याकडे पाहिलं.

"आता ऐक," ती म्हणाली. "ज्यानं हे लिहिलं, त्याला तांब्या माहीत होता, सोवळं माहीत होतं. म्हणजे देवळातला माणूस. पण गुरुवारी रात्री मयुरेशला मुलगी झाली आणि बापूला सोयर लागलं, हे त्याला माहीत नव्हतं. भैयासाहेबांना माहीत होतं, ते स्वतः पूजा करत होते. संग्रामला माहीत होतं, त्यानं बापूला टपरीचं पाणी पिताना पाहिलं. तू गुरुवारी संध्याकाळी प्रसाद घेऊन गेलास. बातमी आली रात्री. तुला कुणी सांगितलंच नाही. तू दर गुरुवारी पाहिलेला बापू कागदावर उतरवलास, रविवारचा नाही. कॉपी करणाऱ्याचं असंच होतं, शंतनू. प्रश्न बदललेला असतो आणि तो जुनंच उत्तर उतरवून ठेवतो."

शंतनूनं कागद पालथा घातला. मग बोलला, तेव्हा आवाज ओळखू येईना.

"ते माझ्याकडे आले होते, आत्या."

"कोण?"

"काका. तीनदा आले. 'शंतनू, पाणी आहे का रे?' मी म्हटलं, टँकर येतोय काका, पाच मिनिटं. दुसऱ्यांदा म्हटलं, पाच मिनिटं. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत, नुसता ग्लास पुढं केला. रिकामा. टोपी खाली ओढलेली, कपाळ कशाला बघतोय मी? मला वाटलं, तहानेनं नेम मोडला यांचा."

"आणि तू काय लिहिलंस?"

"मला वाटलं..." तो रडायला लागला. "मला वाटलं, नेमानं गेला असं लिहिलं तर त्यांचा मानच राहील."

विनोदिनीनं त्याच्या कानाखाली वाजवली. जोरात नाही. शाळेत एकदाही हात उचलला नव्हता तिनं.

"टँकर कुणी वळवला?"

"वरून फोन आला."

"वर म्हणजे कोण? वर तर विमानं होती."

"आत्या, माझी नोकरी आहे. लेकरं आहेत."

"नाव."

त्यानं मान हलवली. नाव सांगितलं नाही. तिनं कागद उचलला. साडेनऊ वाजले होते आणि धार अजून तासभर लांब होतं.

७

समितीच्या कचेरीत जाळीमागे एक बाबू बसला होता. "सही आणली का, माताजी? द्या, आज फाइल बंद करायचीय."

"पेन द्या," ती म्हणाली.

सहीच्या मोकळ्या जागेत तिनं लिहायला सुरुवात केली. आधी मराठीत, मग त्याच्याखाली हिंदीत, म्हणजे वाचता आलं नाही असं कुणाला म्हणता येऊ नये. बापू त्या दिवशी सोयरात होता. तांब्या देवळात होता. बायपासला तो दोन ग्लास पाणी प्याला, साक्षीदार संग्राम. सी ब्लॉकमध्ये त्यानं तीन वेळा पाणी मागितलं.

"अहो, हे काय करताय? ही सहीची जागा आहे!"

"जागा पुरत नाहीये, तेच बघतेय. दुसरा कागद द्या."

मागे दार वाजलं. देवश्री होती, कॉलेजच्या बॅगेसकट, घरून पळून आल्यासारखी. तिनं विनोदिनीकडे पाहिलं नाही. जाळीपाशी जाऊन बाबूला म्हणाली, "भिया, मेरा बयान वापस दो. नया लिखना है." बाबू तोंड उघडं टाकून बघत राहिला. पोरीनं वही काढली, एक पान फाडलं आणि एकच ओळ लिहिली. पानी था ही नहीं. खाली सही, तारीख, आणि फोन नंबर.

बाबूनं फोन उचलला आणि खालच्या आवाजात बोलला. मग म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. शिक्का नाही मिळणार."

"मिळेल," विनोदिनी म्हणाली. बाकावरची पिशवी सरकवून ती बसली आणि पोरीला शेजारी बसवलं. बापू तांब्यापायी मेला असं ती चारचौघांत ओरडली होती. आता तितक्याच मोठ्यानं, बाहेर व्हरांड्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं:

"तुमच्या साहेबांना सांगा, मला समाधान नकोय. मला एक नाव हवंय. दहा हजार माणसं उन्हात कोंडून, त्यांच्या वाटचं पाणी तुमच्या गाड्यांच्या रस्त्यावर ओता, असा हुकूम कुणी दिला? तोंडी नको. याच कागदावर, खाली सही करून लिहून द्या. कुणी दिला?"